चित्रावरचा चुना

लग्नानंतर परंडा तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा माझ्या शिक्षणाचं काय करायचं, हा साऱ्या भावकीपुढचा प्रश्न होता. पुण्यात राहून मी इटालियन शिकले होते. नवरा परंड्याच्या शाळेत शिक्षक, सासऱ्यांची शेती गावाला लागून, आणि इटालियन बोलायला समोर दोन म्हशी. "सूनबाईला कुठली भाषा येती म्हणं?" असं कुणी विचारलं की सासूबाई तोऱ्यात सांगत, "लई लांबची." त्याहून जास्त खुलासा त्यांना कधी करावा लागला नाही.

पुढं इंटरनेट आलं आणि ती लांबची भाषा घरबसल्या काम देऊ लागली. शिवणयंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या सूचना, असलं काहीबाही मी इटालियनमधून इंग्रजीत करून देई. मध्यंतरी मात्र एक वेगळंच काम आलं. भिंतीवरची जुनी चित्रं कशी काढत, त्या कलेतल्या इटालियन शब्दांना इंग्रजी शब्द द्यायचे होते. मी हसत हसत हो म्हटलं. भिंत, चुना, वाळू, रंग. त्यात एवढं काय असणार?

पहिल्याच आठवड्यात माझी खोड मोडली. 'इन्तोनाको' म्हणजे गिलाव्याचा शेवटचा पातळ थर. तो ओला आहे तोवरच त्यावर रंग लावायचा. चिकटवायला डिंक नाही, तेल नाही. चुना वाळताना हवेतलं काही ओढून घेतो, पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडातच अडकून राहतो. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून आमच्या पडवीच्या भिंतीला हात लावला. मूळचा दगडच तो. भट्टीत भाजला, पाण्यात विरवला, भिंतीला फासला, आणि मुकाट्यानं परत दगड झाला. त्याच भिंतीला पाठ टेकून मी इतकी वर्षं शेंगा फोडत बसले होते. मला भरून आलं, आणि भिंतीपुढं भरून येतंय म्हणून हसूही आलं.

मग 'जोर्नाता'. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा. दुसऱ्या दिवशी त्याला लागून नवा. उजेड तिरपा पडला की दोन दिवसांमधला सांधा दिसतो म्हणे. म्हणजे कैक पिढ्यांनंतरही सांगता येतं, की तो माणूस त्या संध्याकाळी कुठं थांबला होता. याला इंग्रजीत काय लिहू? 'डेज वर्क' लिहिलं तर रोजंदारी वाटते. शेवटी इटालियन शब्दच ठेवला आणि इंग्रजीवर मनातल्या मनात चिडून घेतलं.

त्यानंतर आला 'शाल्बो'. चित्रावर फासलेला चुना. कुठल्याही भिंतीला दिलेला नव्हे, ज्याच्याखाली चित्र आहे असा चुना. साथीचा रोग आला की शुद्धीसाठी लोक तिकडच्या चर्चमधल्या चित्रांवरून चुना मारत. कधी नुसतं सगळं उजळ दिसावं म्हणूनही. एवढं सगळं पोटात घेणारा एक इंग्रजी शब्द मला सापडेना. ती ओळ मी तशीच रिकामी सोडली.

ती रिकामी असतानाच आमच्या गावातला प्रकार घडला.

गावात भैरोबाचं लहानसं देऊळ आहे. यात्रेआधी आतल्या भिंतींना चुना द्यायचा मान आमच्या घराचा. मजूर लावायचा नाही. घरच्या माणसानं उपाशीपोटी, स्वतःच्या हातानं द्यायचा. मामा, म्हणजे माझे सासरे, मिसरूड फुटायच्या आधीपासून हे करत आलेत. कळीचा चुना स्वतः विरवायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि केकताडाच्या वाखाच्या कुंच्यानं भिंती पांढऱ्याशुभ्र करायच्या. त्या खेपेला आधी पोपडे खरवडताना भिंतीचा एक जाड पापुद्रा सुटून खाली आला आणि मामांनी मला बोलावणं धाडलं.

"बघ बरं बाई, हितं भितीत कायतर हाय."

पांढऱ्या भिंतीत परातीएवढी मोकळी जागा, आणि तिच्यात घोड्याची मान. तांबूस हिरमुजी रंगाची. लगामावर एक हात, मनगटात कडं. बोटांची नखंसुद्धा काढलेली. ज्याचे नुसते शब्द मी चाळत बसले होते ते हातभर अंतरावर होतं, आणि ते कुणी काढलं, कधी काढलं, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ओल्या चुन्यावर काढलंय की कोरड्या, हेही मला सांगता येईना.

मामा मात्र खाली बसले होते. कुंचा बाजूला पडलेला.

"माझ्या बापानं बुजीवलं, मग म्या बुजीवलं," ते म्हणाले. "देवाचा घोडा व्हता त्यो. आन् आमी मान म्हणून दर साली त्याच्यावर चुना फासला. औंदा म्या कुंच्याला हात लावणार न्हाय."

घरी येऊन ते जेवले नाहीत. यात्रा तोंडावर आलेली. मान दुसऱ्या घरात जाईल म्हणून सासूबाईंची घालमेल चाललेली, पण मामांना मानाची फिकीर नव्हती. जन्मभर सेवा म्हणून केलं ते पाप निघालं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मी लॅपटॉप घेऊन पडवीत त्यांच्याजवळ बसले आणि 'शाल्बो'चा अर्थ मराठीत वाचून दाखवला. असं भाषांतर मला कुणी मागितलं नव्हतं. तिकडच्यांनीही साधुसंतांच्या चित्रांवर चुना मारला, पुढच्यांनी तो अलगद काढला, तेव्हा खाली रंग होते.

"मामा, काही ठिकाणी तर झाकलेलं तेवढंच राहिलं. उघडं होतं ते धुरानं आणि हात लावून लावून गेलं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगती न्हवं?"

"इथं लिहिलंय की."

त्यांनी लॅपटॉपच्या पडद्याकडं वाकून पाहिलं. मग म्हणाले, "तिकडं चुना मारणाऱ्याला काय म्हणत्यात?"

मी सगळे शब्द वरून खाली पाहिले. प्रत्येक थराला नाव होतं. चुना मारणाऱ्याला नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं.

"आसंल," मामा म्हणाले. "त्योबी कुणीतर घरचाच आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उपाशीपोटी देवळात गेले. सरपंचांनी जुन्या चित्रांच्या जाणकारांना फोन केला होता. ते यात्रेनंतर येणार होते, तोवर चित्राला कुणी पाणी किंवा बोट लावायचं नव्हतं. मी चित्रापुढं ॲल्युमिनियमची परात धरून उभी राहिले. मामांनी भोवताली वीतभर जागा सोडून चुना दिला. इतक्या हळू हातानं त्यांना काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचा हात मारून ते मागं सरले. मी परात खाली घेतली, आणि तेवढ्यात कुंच्याचा एक थेंब उडून घोडेस्वाराच्या मनगटावर, कड्याच्या जरा वर पडला. सवयीनं मामांचा अंगठा पुसायला पुढं गेला आणि चित्रापाशी थबकला. तो थेंब आता वाळणार, हवेतलं काही ओढून घेणार आणि तिथंच दगड होणार, हे मी त्यांना आदल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं.

मामांनी हात मागं घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "तेवढा माझा."