बारा अधिक तीन

तुम्हा भावंडांचं कॉम्प्युटरवरचं बोलणं रंगात आलं की मी फोनवर विचारायची, "म्हणजे काय रे?" उत्तर ठरलेलं, "जाऊ दे आजी, तुला नाही कळणार." मग मी तुमच्याकडे पुस्तकांचीच नावं मागितली. तुम्ही तीन सांगितलीत. धुळ्याला माझ्या भावाची नात कॉम्प्युटर शिकते, तिनं ती आणून दिली. मी तिन्हींना खाकी कव्हरं घातली आणि सर्वांत जाड आधी उघडलं. आठवडाभर व्याख्या पाठ केल्या.

ती म्हणाली, "आजी, परीक्षा आहे का तुमची? ते बारीक पुस्तक घ्या. त्यात कॉम्प्युटरसाठी आपली भाषा आपणच बनवायची असते."

बारीक पुस्तक उघडलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. आधी ओळीतले शब्द सुटे करायचे, मग कोण कोणाला जोडलेला ते झाडासारखं मांडायचं. अरे, हे तर वाक्यपृथक्करण! जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवताना फळ्यावर आयुष्यभर हेच केलं मी.

रविवारी तुम्हाला माझी भाषा चालवून दाखवायचं कबूल केलं होतं. पुस्तकातली ओळ न् ओळ कॉम्प्युटरवर उतरवली, फक्त बेरजेच्या खुणेच्या जागी 'अधिक' घातलं. शनिवारी दुपारी लिहिलं, '१२ अधिक ३'. यंत्र म्हणालं, अनोळखी अक्षर.

तुमचे आजोबा चिडवायचं असलं की धुळ्याकडची बोली काढतात. "बठ्ठं समजनं का वं?"

"सगळं समजलं. तुम्ही वांगी भाजा," मी म्हटलं.

प्रत्येक ओळ पुस्तकाशी ताडली. एकही चूक नाही. चहा झाल्यावर ध्यानात आलं, पुस्तकाच्या लेखी आकडे इंग्रजीच. माझा बारा मराठी होता, आणि यंत्राला तो कोणी शिकवलाच नव्हता. पुस्तकाशी इमान राखायची सवय बाजूला ठेवून मी पुस्तकात नसलेल्या दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, पंधरा. मी स्वयंपाकघरात जाऊन आजोबांना ओढत आणलं. त्यांच्या हाताला भाजलेल्या वांग्याची साल तशीच होती.

रविवारी तुम्ही ते फोनवर पाहिलंत. मग तुमच्यातल्या ताईनं विचारलं, "आजी, तुझी भाषा कंस कसे वाचणार?"

"अजून नाही जमत. तुझं काय म्हणणं?"

तिनं सांगायला घेतलं. मला पटेना. आजोबांनी जेवायला दोनदा हाक मारली, पण आमचं दोघींचं कंसावरून चाललंच होतं.