वाफेला जॅकेटं शिवणारे काका

गरम पाइपाजवळ गेले की काका आधी हाताची पालथी बाजू पुढे करत, आई लेकराचा ताप बघते तशी, आणि विचारत, "अरे, हे उघडं का ठेवलंय?"

मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या बॉयलर हाउसमध्ये मी इंजिनिअर आहे. तुम्ही अशा ठिकाणी कोणाला भेटायला गेला असाल, तर वाफेचे पाइप तुमच्या पायाखालून गेले असतील. त्यांच्यावर लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टण असतं. व्हॉल्व्ह मात्र दुरुस्तीसाठी सारखे उघडे करावे लागतात, म्हणून त्यांना काढता-घालता येणारी जाड जॅकेटं. ती काका शिवत. सत्तरी उलटली तरी गळ्यात टेप टाकून येत. फिटर काम झालं की जॅकेट कोपऱ्यात फेकून जात, आणि मग इंग्रज फिटरवर मराठीतच तोफ डागली जाई. "तुझ्या सासऱ्याची वाफ आहे का रे ही? पुट इट बॅक, मेट!" फिटर हसत आणि जॅकेट बांधत.

मी नवा आलो तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असे. घरीही तेच. दार जरा किलकिलं राहिलं की, "उघडं का? हीटिंग ऑन आहे ना!" काकू भाकरी थापता थापता म्हणत, "ह्यांना सवड मिळाली तर मलाही एक जॅकेट शिवतील."

मग काकूंना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. छातीतला कॅन्सर, अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा.

तरुणपणी काका जे लॅगिंग करत, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे. संध्याकाळी धुळीने पांढरेफटक होऊन घरी येत. "पिठाच्या गिरणीत नोकरी धरलीत का?" असं म्हणत काकू त्यांचे ओव्हरऑल मागच्या यार्डात झटकत आणि हाताने धूत. त्या धुळीत काय आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

"माझा एक्स-रे क्लिअर आहे," काका कँटीनमध्ये मला म्हणाले. "मी त्यात लोळलो रे. तिने नुसतं झटकलं." समोरचा चहा निवून गेला. मला भयंकर राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना.

थंडीत काकूंना आमच्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं. एका दुपारी काका वॉर्डातून थेट खाली, वाफेच्या पाइपांच्या तळघरात माझ्याकडे आले. अंगात चांगला कोट. फिटरांनी टाकलेली जॅकेटं उचलून ते व्हॉल्व्हना बांधू लागले.

"तिचे हात गार पडलेत. आणि वाफ इथे वाया चाललीय."

खरं तर वॉर्डातले रेडिएटर चांगले तापलेले होते. ह्या जॅकेटांनी तिथे काडीचाही फरक पडणार नव्हता, आणि ते काकांनाही ठाऊक असणार. मी जॅकेटाचं दुसरं टोक धरलं. त्यांनी दोऱ्या आवळल्या.

मग मी त्यांच्याबरोबर वर गेलो. काकू उशांना टेकून एकेका श्वासासाठी झगडत होत्या.

"अहो, खिडकी उघडा."

"अगं, बाहेर फ्रॉस्ट आहे. हात बघ तुझे."

"हवा पुरत नाही हो. उघडी ठेवा."

काका उठले. हॉस्पिटलच्या खिडक्या चार बोटंच उघडतात. तेवढी उघडून ते पलंगाजवळ उभे राहिले आणि काकूंच्या खांद्यावरची शाल पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. काका कामावर परतले नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांच्या सुया, कात्री आणि टेप द्यायला मी घरी गेलो. रस्त्यावर बर्फ होतं. काका वरच्या बेडरूममध्ये कोट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. रेडिएटर हात लावू नये इतका तापलेला, आणि त्याच्यावरची खिडकी सताड उघडी. मी ती लावायला हात पुढे केला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "तिला उघडी लागते."