सीतारामच्या डोक्याचा फोटो

नाहूरच्या विमला सावंतने नवऱ्याची दारू वर्षानुवर्षं सोसली. घरी साड्यांना फॉल लावून संसार ओढला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या सीतारामने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली, तेव्हा तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

त्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या काही जणांचं एका संशोधनासाठी मेंदूचं स्कॅनिंग झालं. मशीनमध्ये झोपवून बाटल्यांचे फोटो दाखवायचे, मेंदूत काय हालचाल होते ते टिपायचं आणि कोण पुन्हा पिईल याचा अंदाज बांधायचा. सीताराम हसत गेला, हसत आला. निकाल कुणालाच सांगायचा नव्हता. पण विमलाने केंद्रात हे संशोधनाचं काम बघणाऱ्या गंधाली मॅडमना एकटं गाठून फारच खोदून विचारलं, तेव्हा त्या बोलून गेल्या, "जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर."

झालं. तो जरा उशिरा आला तरी विमला त्याच्या कामावरच्या जोडीदाराला फोन लावी. धुवायला टाकलेले शर्ट हुंगी. सीतारामला हे कळत होतं.

भाच्याच्या साखरपुड्यात तो मेव्हण्याशी बोलत उभा होता, हातात कोकम सरबत. विमला तडक गेली, त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि सगळ्यांसमोर नाकाला लावला. मेव्हणा हसायचा थांबला. सीताराम न जेवताच निघाला.

घरी तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"म्हणजे मी पिणार हे त्यांनी ठरवलं, आणि तुला पटलं?"

"भीती वाटते हो मला."

"मला नाय वाटत काय गो? रोज वाटते."

दुसऱ्या दिवशी तिने केंद्रात जाऊन घडलेलं सगळं सांगितलं. गंधाली मॅडमचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. अशा स्कॅनवाल्या शंभर जणांत किती पितील, ते साधारण सांगता येतं, ताई. त्यातला एक माणूस काय करील, ते नाही."

"मग माझा माणूस?"



सीताराम अजून प्यायलेला नाही. हल्ली कामावरून आला की चपला काढायच्या आधी दारातच तिच्यासमोर वाकतो आणि तोंडाने श्वास सोडतो.

"राहू दे ना आता," ती म्हणते.

"नाय गो, बघून घे. म्हणजे तुला झोप लागेल."

आवाजात राग नसतो. रागावला असता तर बरं, असं तिला वाटतं. तरीही तो वाकला की ती वास घेतेच.