सत्यशीलाबाईंचं कढीपत्त्याचं टिपण

गोपाळकृष्ण परचुरे खराडीच्या एका कंपनीत लेखा विभागात होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते. कर्वेनगरच्या घरी ते दुसरी नोकरी करत, बिनपगारी. फेसबुकवरचा ‘कुंडीकट्टा’ हा अकरा हजार बागवेड्यांचा समूह सात वर्षं तेच राखत होते. सकाळी चहाआधी ते झटपट कर्जाच्या जाहिराती उडवत. कोणी दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून टाकलं, तर त्याचं नाव ‘उचलेगिरी’च्या यादीत लावून त्याला बाहेर काढत. नियम त्यांनीच केला होता: ज्याची तारीख आधीची, त्याचं लेखन.

श्रावणात धायरीच्या सत्यशीला भिलारे या निवृत्त शिक्षिकेने, कोणी विचारलं म्हणून, कुंडीतल्या कढीपत्त्यावर टिपण टाकलं. आंबट ताक कधी घालावं, शेंडा कुठे खुडावा, माव्याची कीड कशी घालवावी, सगळं अनुभवाचं. परचुऱ्यांनी सवयीने शोध घेतला. एका रोपवाटिकेच्या संकेतस्थळावर तेच टिपण शब्दशः होतं, चार वर्षांपूर्वीचं.

“अहो, ते माझंच आहे,” बाईंनी लिहिलं. “मी पूर्वी इथेच टाकलं होतं.”

समूहावर जुनं काहीच सापडलं नाही. “पुरावा द्यावा,” परचुऱ्यांनी कळवलं, आणि संध्याकाळी बाईंचं नाव यादीत लागलं. खाली एकाने लिहिलं, “शिक्षिका म्हणे! पोरांच्या कॉप्या कशा पकडल्या असतील?” त्यावर चौऱ्याण्णव जण हसले. परचुऱ्यांनी ते राहू दिलं. नियमात बसत होतं.

दहा दिवसांनी त्यांच्या पत्नी हेमा कढीपत्त्यावर मावा पडला म्हणून फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद वाचत होत्या.

“अहो, इकडे या जरा.”

तेच टिपण. वर सत्यशीलाबाईंचं नाव, ‘कुंडीकट्टा’चं नाव आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख.

“हे कुठून आलं?”

“तुम्हीच ऑफिसातून छापून आणलंत. मग समूहावरून गेलं कुठे?”

परचुरे खुर्चीवर बसले. समूह नीटनेटका दिसावा म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या जुन्या नोंदी स्वतः बसून पुसल्या होत्या.

“म्हणजे पुसलंत तुम्ही आणि पुरावा मागितलात बाईंकडे,” हेमा म्हणाल्या. “फारच शिस्त.”

परचुऱ्यांनी यादीतून नाव काढलं, जाहीर माफी लिहिली, आणि रविवारी धायरी गाठली. बाईंनी आत घेतलं, चहा केला.

“माझी चूक झाली. आपण परत या.”

“माफी वाचली. नीट लिहिलीत. किती जणांनी पाहिली?”

“एकोणीस.”

“हसायला बरेच होते.”

परचुऱ्यांनी कप खाली ठेवला. बाईच पुढे म्हणाल्या, “राग नाही हो आता. पण दोन ओळी लिहायला बसले की आधी मनात येतं, याचा पुरावा कुठे ठेवू? मग वही मिटते.”

गच्चीवर शंभरेक कुंड्या होत्या. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “आमच्या कढीपत्त्यावर मावा पडलाय. काय करावं?”

“रोपवाटिकेच्या संकेतस्थळावर आहे ना,” बाई म्हणाल्या. “शब्दशः.”

आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.