शेअरच्या नफ्यावरचा कर आणि आईचा हात

बजेटच्या दिवशी माझ्या भावाने मामाला मारलं. आमच्या घरात त्याआधी भांडणं पुष्कळ झाली होती, पण रक्त सांडलं नव्हतं.

काळाचौकीला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. आई, दादा आणि मी. मी पालिकेच्या इस्पितळात नर्स. दादा एका पॅकेजिंग कंपनीत सुपरवायझर होता. कंपनी शहराबाहेर गेली तेव्हा त्याने नोकरी सोडली, फंडाचे पैसे शेअरमध्ये घातले आणि घरी बसून तोच धंदा करू लागला. तसं बरं चाललं होतं त्याचं. घरचा किराणा त्याच्याच नफ्यातून यायचा.

मामा खाली पहिल्या मजल्यावर राहायचा. तरुणपणी गिरणीत बदली कामगार, गिरणी गेल्यावर जन्मभर टॅक्सी. बसल्या जागी पैसे मिळवणाऱ्या माणसाचा त्याला मनापासून राग होता आणि असा माणूस आता बहिणीच्याच घरात होता.

त्या दिवशी मी रात्रपाळी करून आले होते. टीव्हीवर बजेटचं भाषण चालू होतं. आई जमिनीवर विळी मांडून लाल भोपळा चिरत होती. शेअरच्या नफ्यावरचा कर वाढवल्याची बातमी आली आणि दादाच्या मोबाईलवरचे आकडे लाल व्हायला लागले. त्याने रिमोट भिंतीवर आपटला. सेल उडून आईच्या मांडीवर पडले.

भाषण बघायला वर आलेला मामा खुर्चीत बसून हसला. "बरं झालं. ही पोरगी रात्रभर उभी राहून कमावते, तिचा कर पगार हातात यायच्या आधी कापतात. तुझे पैसे झोपून वाढतात, तुला कशाला सूट?"

"ते पैसे कर भरूनच आलेत," दादा म्हणाला. "पंधरा वर्षं पगारातून कापला तो कुणाचा बाप देत होता? आणि उद्या सगळं बुडालं तर सरकार येणारे का चूल पेटवायला?"

"बुडू दे ना. तेव्हा कळेल घाम म्हणजे काय."

"मामा, तू गप बस हां."

"का गप बसू? जुगारीच आहेस तू. बाप नाही म्हणून—"

दादाने त्याला पुरं बोलू दिलं नाही. कानशिलावर असा फटका बसला की मामा खुर्चीसकट आडवा झाला. दादा त्याच्या छातीवर बसला आणि मुठीने तोंडावर मारू लागला, एकदा नाही, थांबेचना. मामाची कवळी तुटून बाहेर आली. मी दादाचे केस धरून मागे ओढलं, तर त्याच्या कोपराने माझा ओठ फुटला. मामाने खालूनच त्याच्या मनगटाचा चावा घेतला. दादा ओरडून उठला, आणि त्याच्या हाती विळी लागली.

"सोड ती! मामा आसा तो तुजो!" आई किंचाळली, आणि तिने पातं मुठीत धरलं. उघड्या हाताने. दादाने रागात विळी खेचली.

मग तिघंही थांबले. आईच्या मुठीतून रक्त भोपळ्याच्या फोडींवर पडत होतं. आई हाताकडे बघत होती. दादा दारात जाऊन ओकला.

मी तिच्या हाताला पंचा गुंडाळून तिला आमच्याच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भोपळो कापताना सटाकली." डॉक्टरांनी माझ्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ऑपरेशन झालं, तरी ती बोटं आता वळत नाहीत. मामाने पोलिसात तक्रार केली नाही. त्याला तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही.

नंतर मी दादाशी एकदाच या विषयावर बोलले. म्हटलं, "माझ्या कष्टावर जेवढा कर, त्याहून कमी तुझ्या नफ्यावर का असावा? तोटा झाला तर तो वजा करू दे, मला मान्य आहे. पण नफा झाला की तोही माझ्या पगारासारखाच मोजायला हवा." पूर्वीचा दादा असता तर तासभर भांडला असता. तो म्हणाला, "असेल तुझं बरोबर. पण मी कराच्या रागाने मारलं नाही त्याला. तो मला ऐतखाऊ समजत होता आणि मलाही आतून तेच वाटत होतं."

मला तेव्हा त्याची दया आली नाही. आजही पूर्ण येत नाही.

तो अजून शेअरच करतो, कर भरतो, आणि सकाळी आईची वेणी घालून देतो, कारण तिला ती एका हाताने जमत नाही. मामा मात्र आमच्या मजल्यावर चढत नाही. आई खाली जाते, त्याच्या उजव्या बाजूला बसते आणि मोठ्याने बोलते. दादाचा विषय दोघंही काढत नाहीत.