क्रिटेशसचं 'क्रिटिकल'

सुलभा गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं. 'लढवय्या मॅडमना श्रद्धांजली.' खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यातला एकही हात सुनावणीच्या दिवशी तिच्यासोबत नव्हता. तीन आठवडे झाले, पण तो मेसेज आठवला की अजून डोकं तापतं.

बेलापूरच्या एकाच शाळेत आम्ही दोघींनी जन्मभर शिकवलं. मी मराठी, ती भूगोल. आमच्या सोसायटीमागचा डोंगर फोडून रस्ता काढायचं ठरलं, हरकती मागवल्या, तेव्हा तिने दोन पानं लिहिली. त्यात 'क्रिटेशस' हा शब्द होता. मी म्हटलं, "अगं, काढ तो. कुणाला कळणार नाही."

"मग कळवू की! आपण दुसरं काय केलं आयुष्यभर?"

सुनावणीत तिने खरंच कळवलं. लॅटिनमध्ये 'क्रेटा' म्हणजे खडू. त्या काळात युरोपात खडूचे जाड थर साचले, म्हणून त्याचं नाव क्रिटेशस. त्याच काळाच्या अखेरीस आपल्याकडे लाव्हा उसळला आणि थिजून हा काळा दगड झाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी... त्याच्याच भेगांतून झिरपणारं पाणी खालच्या विहिरींना मिळतं. सुनावणी घेणारे साहेब मोबाइल बघत होते. शेजारी बसलेल्या दिवाळे गावच्या मासळीवाल्या मावशींनी मात्र विचारलं, "म्हंजे बाय, आमच्या खाडीच्या आदीचा हाय त्यो?"

"खाडीच्याही आधीचा, मावशी." सुलभाचा चेहरा असा फुलला, जणू अख्ख्या वर्गाने बरोबर उत्तर दिलं!

महिन्याने इतिवृत्त आलं. 'डोंगर क्रिटिकल अवस्थेत असल्याचे एका ज्येष्ठ महिलेने निदर्शनास आणले. सबब तो हटवणे आवश्यक.' तिचा विरोध त्यांनी पाठिंबा म्हणून छापला होता! हृदयाचा त्रास असताना ती चार वेळा त्या कार्यालयात गेली. दर वेळी बाकावर ताटकळणं आणि तेच उत्तर, "एका शब्दाचं एवढं काय टेन्शन घेता, मॅडम?" चौथ्या खेपेहून आली ती झोपलीच. म्हणाली, "माझं नाव चुकवलं असतं तरी चाललं असतं गं..." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डोंगराला सुरुंग लागलेत. आमच्या खिडक्यांची तावदानं रोज दुपारी हादरतात. डोंगर वाचणार नाही, हे मला कळतं. पण तो पाडा असं सुलभाने सांगितलं, ही नोंद मी राहू देणार नाही. सोमवारी तिचा दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी त्याच कार्यालयात गेले. कारकुनाने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"सहशिक्षिका. पेन घ्या. लिहा... क्रि, टे, श, स."

त्याने 'टे' खोडला, पुन्हा लिहिला. चारही अक्षरं नीट उमटेपर्यंत मी टेबलापासून हलले नाही.