बाबांसोबत जा

सुट्टीत हॉटेलवर लेक तिच्या बाबांसोबत खाली जाऊन आली. तिच्या हाताला मसाला शेंगदाण्यांचा वास आला आणि मला जुन्नरची परमिट रूम आठवली.

मे महिन्यात वडील बोरीहून बाजाराला निघाले, की आई मला गाडीवर मागं बसवायची. "पोरगी संगं असली की प्यायला बसायचे न्हाईत," म्हणायची. एकदा मात्र ते मला घेऊनच परमिट रूममध्ये बसले. ओल्या टेबलाला कोपर चिकटत होतं, माझी नजर सारखी दाराकडे.

"आईला काय सांगशील?"

"रस प्यालो."

"लई हुशार," म्हणत त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. त्या शाबासकीचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

आज लेकीला मीच धाडलं होतं, आईचा होता त्याच भरवशावर. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "आई, आम्ही फक्त ज्यूस प्यायलो."